चौथा खांब आणि सहा कुंड्या

१

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. एका खांबाची आहे, एका बाईच्या जिवाची आहे, आणि न केलेला गुन्हा स्वतःहून कबूल करायला आलेल्या एका माणसाची आहे. तिन्ही गाठी शेवटी सुटतील, एवढं वचन देतो. मन हलकं होईल असं वचन मात्र देत नाही.

टेकडीच्या उतारावर एक आरोग्यधाम होतं. मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं तिथे महिना-दोन महिने राहायची. इमारतीच्या मागे, उताराकडे तोंड करून, चार खांबांवर एक लाकडी माची उभी होती. सकाळी रोगी तिच्यावर ऊन खात बसत. एका मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, चारांतला एक खांब बुडाशी खचून मातीतून निखळला. माचीचा तो कोपरा खाली आला आणि त्याच्यासोबत बागेची देखभाल करणारी मावशीही. ती दगडांवर पडली ती उठलीच नाही.

गुरुवारी माची बांधणारा मिस्त्री आपल्या पायांनी कचेरीत आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "लाकूड कोरं होतं. औषध न पाजलेलं. चांगलं लाकूड मी दुसरीकडे खपवलं आणि इथे कोरं घातलं. लिहून घ्या."

आता हे औषधाचं प्रकरण थोडं समजून घ्या. उघड्यावरच्या कामाचं लाकूड बंद टाकीत घालून दाबाने त्यात औषध मुरवतात. सुतार त्याला औषध पाजलेलं लाकूड म्हणतात. ते मातीत पुरलं तरी वीस-पंचवीस वर्षं हूं की चूं करत नाही. कोरं लाकूड मातीत पुरलं, तर वाळवी आणि बुरशी त्याचा चार-पाच वर्षांत फडशा पाडतात. माचीला सात वर्षं झाली होती. मिस्त्रीचं म्हणणं खरं असतं तर तो चोरही ठरला असता आणि एका मृत्यूच्या पापाचा धनीही. सोमवारी चौकशी होती, आणि तिथून तो घरी परतणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

विश्वस्तांनी तोवर ठोकेबाईंना बोलावून ठेवलं होतं. सरकारी वखारीत लाकूड पारखण्यात बाईंची पस्तीस वर्षं गेली होती. हातात सदा छोटी हातोडी, ठोकून आवाज ऐकायच्या, म्हणून हे नाव पडलेलं. आता निवृत्त होत्या. गुडघे गेले होते, झोप गेली होती, हौस तर त्याच्याही आधी गेली होती.

"कबुली मिळालीच आहे," विश्वस्त म्हणाले, "तुम्ही नुसती सही करा."

"सही करायला बोलावलंत तर चष्मा आणला नसता," बाई म्हणाल्या आणि एकेक पायरी मोजत मागच्या बाजूला उतरल्या.

पडलेल्या खांबाशेजारी त्या कण्हत बसल्या. खांबावर हातोडी मारली. ठण्ण. आणखी खाली मारली. ठण्ण. पार टोकाशी मारली तेव्हा ओल्या पिठावर मारावी तसा आवाज आला. बाईंनी चाकूने मधल्या भागाचा टवका काढला. बाहेरच्या कडेपासून दोन बोटं आतपर्यंत लाकूड हिरवट होतं. औषधाचा रंग.

मिस्त्री खोटं बोलत होता. आणि खोटं बोलत होता ते स्वतःच्याच विरुद्ध.

२

"बाई, कशाला उन्हात बसताय," व्यवस्थापक म्हणाला. तो दोन माणसांचं काम एकटा करणारा, डोळ्यांखाली काळं आलेला गृहस्थ होता. "सरळ गोष्ट आहे. मावशी त्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ बदाबदा पाणी घालायची. ते सगळं खाली गळायचं. लाकूड कुजणार नाही तर काय होणार? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण..."

"पण बोलताच आहात," बाई म्हणाल्या. "कुंड्या किती?"

"सात."

"पाणी वरून खांबभर गळायचं ना? मग खांब वर पक्का आणि तळाशीच कुजलेला कसा?"

व्यवस्थापकाने घड्याळ पाहिलं. "ते तुम्ही सांगायचं. आणि एवढ्या चार भूछत्रांवरून कुणी माची बंद करतं का, तुम्हीच सांगा. माझ्याकडे चाळीस रोगी आहेत."

बाईंनी मान हलवली. गुडघ्यात कळ आली म्हणून त्या पायरीवर टेकल्या. पण डोळे चालू होते. पायऱ्यांच्या तळाशी सहा कुंड्या ओळीने मांडल्या होत्या, एकीलाही तडा नव्हता. सातवीचे तुकडे मावशी पडली तिथे होते. तुटलेल्या कोपऱ्याच्या फळ्यांवर ओलाव्याचे गोल डाग उमटलेले होते. बाईंनी ते मोजले. सात. ढिगाऱ्यात काथ्याची एक दोरीही अडकलेली होती. तिच्या दोन्ही टोकांना घट्ट गाठी होत्या, जणू कशाला तरी आडवी बांधलेली असावी.

"मावशी माचीवर केव्हा जायची?"

"सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. घड्याळ लावून घ्यावं अशी."

"मग मंगळवारी दुपारी दोन वाजता ती तिथे काय करत होती?"



३

लाकडं विकणारा वखारवाला बोलका होता. माणूस मेल्यावर आपलं नाव निघू नये म्हणून अंमळ जास्तच बोलका झाला होता.

"माझ्याकडून औषध पाजलेलंच गेलंय, बाई. देवाशपथ. गिऱ्हाईक विचारतं, कोरं घेऊ की औषधाचं? मी सांगतो, छपराखाली राहायचं असेल तर कोरं घ्या, दिसायलाही गोड आणि हातालाही गोड. मातीत जायचं असेल तर औषधाचं घ्या. पण औषधाचं घेऊन जर कापलेलं तोंड मातीत घालणार असाल, तर बाबांनो, कोरंच न्या. निदान फसवणूक तरी होणार नाही."

"लोकांना कळतं का ते?"

"कुणाला कळतंय. औषध आत जातं दोन बोटं. गाभा कोराच राहतो. कापलंत की कोरा गाभा उघडा पडला. वरून औषधाचा हात मारता येतो, पण मातीखाली तो किती पुरणार? म्हणून मी प्रत्येक खांबाच्या एका तोंडावर पत्र्याची चकती ठोकून देतो. चकतीचं तोंड खाली, मातीत. कापायचं तर दुसऱ्या बाजूने कापा, कापलेलं तोंड वर ठेवा आणि त्याला टोपी घाला. तुमच्या मिस्त्रीला हे मीच शिकवलं. त्याने कधी चूक केली नाही."

माणसाचंही असंच असतं बघा. चांगलं काही ऐकलं तर ते दोन बोटं आत मुरतं. गाभ्याचा पत्ता लागतो तो माणूस कापला गेल्यावर.

बाई परत आल्या आणि आरोग्यधामाच्या दोन गड्यांना उभ्या तिन्ही खांबांच्या बुडाशी खणायला लावलं. पहिल्या खांबाच्या बुडाला चकती निघाली. दुसऱ्याला निघाली. तिसऱ्यालाही. मग बाई पडलेल्या चौथ्या खांबाकडे वळल्या. त्याचं मातीतलं टोक कुजून भुगा झालं होतं, पण एक कड शाबूत राहिली होती, आणि त्या कडेवर करवतीचे दात स्पष्ट दिसत होते. त्यांनी खांबाचं वरचं टोक पुसलं.

चकती तिथे होती. वर.

चौथा खांब उलटा उभा केलेला होता. करवतीचं तोंड मातीत आणि औषधाचं तोंड आकाशाकडे.

आणखी एक गोष्ट होती. चारही खांबांवर, जमिनीकडच्या टोकापासून हातभर वर, पटाशीने तीन बारीक खाचा पाडलेल्या होत्या. खूण करायला पेन्सिलची एक रेघ पुरते. एवढी मेहनत घेऊन खाच कोण पाडतं?

बाईंनी थकून डोळे मिटले आणि सहज त्या खाचांवरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

खाच पाडतो तो, ज्याला रेघ दिसत नाही.

४

मिस्त्रीचं घर आणि कारखाना एकच होतं. पुढे रंधा-करवती, मागे चूल. बाईंनी पोत्यात गुंडाळून आणलेला, चौथ्या खांबाच्या बुडाचा कापून घेतलेला तुकडा त्याच्या बाकावर ठेवला.

"हे कोरं आहे म्हणतोस?"

"हो."

"मग हा हिरवा रंग कुठून आला? लाकडाला कावीळ झाली का?"

बाईंनी सवयीने हातोडी काढली आणि तुकड्यावर दोनदा ठोकलं, एकदा वर आणि एकदा टोकाशी.

आतून मिस्त्रीची वहिनी चहा घेऊन आली. "भाऊजी, हे विचारतायत कोण आलंय म्हणून. आवाज ऐकून म्हणाले, लाकूड पक्कं आहे, पण एका टोकाला गेलंय." तिने कप ठेवला. "तुमच्या दादांना बायकोची हाक ऐकू येत नाही. लाकूड खोकलं तरी ऐकू येतं."

मिस्त्री बाईंना हाताला धरूनच बाहेर घेऊन आला. ओट्यावर बसला.

"आमचा बाप लवकर गेला," तो म्हणाला. "दादानेच वाढवलं, दादानेच हातात करवत दिली. त्याचा एक नियम आहे. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा राहिला पाहिजे. बुंध्याकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. नाहीतर म्हणे लाकूड रुसतं. कोऱ्या लाकडात त्याने काही बिघडत नाही. आम्ही जन्मभर तसंच करत आलो."

"आणि दादाचे डोळे?"

"माचीच्या कामाआधी सहा महिने गेले. तरी बोट फिरवून तो बुंधा-शेंडा ओळखतो आणि बुंध्याकडे तीन खाचा पाडतो. त्या दिवशी खांब मी कापून ठेवले होते, चकतीची बाजू सोडून. तीन खांबांत चकती बुंध्याकडेच होती. चौथ्यात शेंड्याकडे निघाली. मी बोल्ट आणायला गेलो होतो. परत येतो तो दादाने गड्यांना हाताशी धरून खांब उभा करून माती ठोकून घेतलेली. बुंधा खाली आणि चकती वर."

"तुला दिसलं."

"दिसलं."

"मग उपटला का नाहीस?"

मिस्त्री हात जोडून म्हणाला, "बाई, मी चोर म्हणूनच लिहा. कबुली दिलीय ना मी? त्याला कळलं की त्याच्या हातच्या खांबाने बाई मेली, तर तो जगायचा नाही. मला काय, सुतारकी नाही तर हमाली करीन."

"सोमवारनंतर हमालीही करता येणार नाही तुला. आत बसशील."

"बसतो."

बाईंना एकाएकी फार दमल्यासारखं झालं. सही केली तर चोरी न केलेला माणूस चोर ठरत होता. नाही केली तर एका आंधळ्या म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागत होता. त्या उठायला म्हणून वळल्या.

दारात दादा उभा होता. एक हात भिंतीवर होता. दुसऱ्या हातात पोत्यातला तो तुकडा होता.

५

"लाकडाला वास येतो, लहान्या," दादा म्हणाला. "औषधाचाही येतो आणि कुजल्याचाही. एकाच लाकडाला दोन्ही वास आले म्हणून उचलून बघितलं."

दादा उंबऱ्यावर बसला आणि तुकडा मांडीवर आडवा घेतला, लेकरू घ्यावं तसा. त्याची बोटं चालू लागली. तीन खाचा लागल्या. "ही माझी खूण." बोटं टोकाकडे सरकली. कुजलेल्या भागावर थबकली, कडेवरून फिरली, पुन्हा मागे आली.

"इथे करवतीचे दात आहेत. हे वखारीतून आलेलं तोंड नाही." तो जरा थांबला. "हे तोंड मातीत होतं?"

"अहो, आत चला," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता चहा आणतानाचा नव्हता.

"गप गं. मी लाकडाला विचारतोय." मग तो अगदी हळू म्हणाला, "बुंधा खाली मी घातला. चकती चाचपली नाही. चाळीस वर्षं चकती नव्हतीच, हाताला सवय नाही." त्याने मान वर केली, भाऊ उभा होता त्याच्या बरोबर दिशेने. "लहान्या, तू कुठे होतास?"

"बोल्ट आणायला गेलो होतो."

"परत आल्यावर चकती दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"तुम्ही हसत होता, दादा. खांबाला हात लावून उभे होता आणि हसत होता. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, आत्ता नको. दहा वर्षं तरी निघतील, मध्येच कधीतरी गुपचूप बदलू. मग कामं आली, दिवस गेले. राहून गेलं."

वहिनीने दादाच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने काढला नाही.

"माझं हसू फार महाग पडलं रे," तो शेवटी म्हणाला. "बाई, तुम्ही आहात ना अजून? लिहा. चोरी झाली नाही. लाकूड चांगलं होतं. खांब मी उलटा घातला आणि याने तो माझ्यापायी तसाच ठेवला. जसं झालं तसं लिहा. माझा भाऊ चोर म्हणून जगला, तर मी त्याला काय शिकवलं?"

"तुम्हाला झेपेल ना, दादा?" बाईंनी विचारलं.

"झेपायचं काय त्यात. अंधाराची सवय आहे मला."

बाईंनी कागद काढला. पण लेखणी टेकवली नाही. एक प्रश्न उरला होता, तो खांबाचा नव्हता. दुपारी दोनचा होता.

६

बागेच्या कोपऱ्यात मावशीची अवजारांची खोली होती. खोली कसली, आडोसाच. खुरपं, झारी, पाटी, सगळं धुऊन पालथं घातलेलं. पाटीखाली एक कागदाची पुडी होती. बाईंनी ती उलगडली. आत वाळलेली भूछत्रं होती. चार.

बाई पायऱ्या चढून कचेरीत गेल्या आणि पुडी टेबलावर ठेवली.

"त्या दिवशी तुम्ही भूछत्रं म्हणालात. चार, असंही म्हणालात. मी तर तो शब्द काढलाच नव्हता. खांबापाशीही एक नव्हतं. मावशीने ती खुडून कागदात बांधली होती. मग ती तुम्हाला कुठे दिसली?"

व्यवस्थापकाने डोळे चोळले. नाकारायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "इथेच. ह्याच टेबलावर. आठ दिवस आधी घेऊन आली. म्हणाली, साहेब, त्या कोपऱ्यातला खांब आतून मऊ झालाय, खुरपं रुततं, रोग्यांना वर बसवू नका. मी म्हटलं, बघू."

"आणि बघितलंत?"

"नाही."

"तिने बघितलं," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या, कारण उभं राहवत नव्हतं. "त्या कोपऱ्यात सातही कुंड्या होत्या. फळ्यांवर सात गोल डाग आहेत. मातीने भरलेली एकेक कुंडी दहा-बारा किलोची. तिने आधी कोपऱ्याला आडवी दोरी बांधली, म्हणजे कुणी तिकडे जाऊ नये. मग ओझं उतरवायला घेतलं. सकाळी माचीवर रोगी असतात, पाचनंतर पुन्हा येतात. दोन वाजता सगळे झोपलेले असतात. खांब गेलाच तर वर कुणी नसावं, म्हणून तिने दोनची वेळ धरली. सहा कुंड्या खाली नेऊन ओळीने मांडल्या. सातवी हातात होती."

खिडकीतून माची दिसत होती, एका गुडघ्यावर बसलेली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोपऱ्यात किती माणसं बसणार होती?" बाईंनी विचारलं.

"नऊ," तो म्हणाला. "बुधवारी नवे रोगी यायचे होते."

बाईंचा अहवाल सोमवारी वाचला गेला. लाकूड औषध पाजलेलंच होतं, चोरी झालेली नाही. चौथ्या खांबाचं कापलेलं तोंड मातीत गेलं, ते एका भावाच्या सवयीने गेलं आणि दुसऱ्या भावाच्या मायेने तिथेच राहिलं. धोक्याची सूचना वेळेवर मिळाली होती, पण कुणी जागचं हललं नाही. मिस्त्रीवरचा चोरीचा डाग पुसला गेला. चुकीचा डाग राहिला, आणि तो त्याने पुसूही दिला नाही. चौकशीवाल्यांनी त्याला ताकीद दिली आणि माची पदरमोड करून पुन्हा बांधायला सांगितलं. व्यवस्थापकाला घरी बसावं लागलं. 'बघू' हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही म्हणतात.

नवे खांब आले त्या दिवशी दादाही आला होता. चारही खांबांच्या तोंडावरून त्याने हात फिरवला, चकती लागली की म्हणायचा, "हे खाली." तिसऱ्या खांबात बुंधा वर जात होता. त्याची बोटं तिथे क्षणभर अडली. "रुसू दे," तो म्हणाला, "समजूत काढू," आणि बाजूला झाला. त्या दिवशी तो हसला नाही. भावाच्या खांद्यावर हात ठेवून संध्याकाळपर्यंत उभा मात्र राहिला.

ठोकेबाई घरी गेल्या आणि हातोडी फडताळात ठेवून दिली. सहा कुंड्या अजून पायऱ्यांच्या तळाशी आहेत. त्या वर न्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. रोगी येता-जाता त्यांना पाणी घालतात.

तर मंडळी, कोरं लाकूड कुठे वापरावं आणि औषधाचं कुठे, हे विसरलात तर कुणी सुतार सांगेल. चकती वर की खाली हे विसरलात तर वखारवाला सांगेल. पण उंचावरच्या लाकडी माचीवर कधी निवांत ऊन खात बसलात, आणि पायाखालची फळी घट्ट लागली, तर त्या मावशीची आठवण काढा. तिचं ऐकायला कुणी आलं नाही, म्हणून तिने एकटीने सहा कुंड्या उतरवल्या. सातवी तेवढी राहिली.